टाळ्या एकीला, सुवर्ण दुसरीला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बर्फावरील महिला फिगर स्केटिंगविषयी मागील अंकात या सदरात जेमतेम चार ओळी छापून आल्या होत्या. त्यावर सोलापूर शहर आणि परिसरातून एवढी पत्रे येतील, अशी अपेक्षा नव्हती. ज्या गावात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटते, तेथे बर्फावरच्या निकालावरून घराघरांत वाद व्हावेत, याचे मला नवल वाटले आणि आनंदही झाला. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : आम्ही जे पाहिले ते परीक्षकांना दिसले नाही का? त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर पडणे अशक्य असते, म्हणून मी आणि माझी मुलगी पडदे ओढून, कूलरसमोर बसून जुन्या ऑलिंपिकच्या चित्रफिती पाहतो. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाची किम युना एकदाही चुकली नाही आणि रशियाची आदेलिना सोत्निकोवा एका उडीनंतर स्पष्ट अडखळली. तरीही सुवर्ण सोत्निकोवाला मिळाले. निकाल पाहून मुलगी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, जणू मीच परीक्षक होते! ही उघड लबाडी नव्हती का?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मुलीच्या रागाला मोठी सोबत आहे. त्या निकालाची चौकशी व्हावी, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन निवेदनावर तेव्हा १५ लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. परंतु लबाडी हा शब्द वापरण्यापूर्वी गुणांचा कागद एकदा समोर ठेवावा, अशी माझी विनंती आहे. तो कागद स्पर्धेनंतर प्रसिद्ध होतो आणि त्यात प्रत्येक उडीचा, प्रत्येक फिरकीचा हिशेब असतो.

पहिल्या दिवशीच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये किमला ७४.९२ आणि सोत्निकोवाला ७४.६४ गुण होते, म्हणजे दोघी जवळजवळ बरोबरीत होत्या. खरा फरक दुसऱ्या दिवशीच्या फ्री स्केटमध्ये पडला. तेथे सोत्निकोवाला १४९.९५, तर किमला १४४.१९ गुण मिळाले आणि एकूण बेरीज २२४.५९ विरुद्ध २१९.११ अशी झाली. फ्री स्केटचे गुण दोन भागांत येतात. एक भाग तांत्रिक, म्हणजे उड्या, फिरक्या आणि पदन्यास यांचा असतो. दुसरा सादरीकरणाचा, म्हणजे बर्फावरची पकड, रचना, संगीताशी असलेले नाते यांचा असतो. या दुसऱ्या भागात किम ७४.५० आणि सोत्निकोवा ७४.४१ होती, म्हणजे येथे किमच नखभर पुढे होती. सगळा फरक तांत्रिक भागात आहे : ७५.५४ आणि ६९.६९.

आता तांत्रिक भागही उलगडून पाहू. प्रत्येक उडीची मूळ किंमत कोष्टकात आधीच ठरलेली असते आणि ती परीक्षकाच्या मर्जीवर नसते. सोत्निकोवाने त्या दिवशी तीन फेऱ्यांच्या सात उड्या घेतल्या, किमने सहा. मूळ किमतींची बेरीज ६१.४३ आणि ५७.४९ झाली. म्हणजे एकही परीक्षक तोंड उघडण्यापूर्वीच किम जवळपास चार गुणांनी मागे होती. न चुकण्याबद्दल या पद्धतीत वेगळे बक्षीस नाही. चुकल्यास त्या उडीपुरते गुण कापले जातात, एवढेच. आपल्या डोळ्यांना अडखळणे दिसते, कारण ते डोळ्यांत खुपते. सातवी उडी मात्र मोजल्याशिवाय दिसत नाही.

येथवर माझे मत परीक्षकांच्या बाजूने आहे, पुढे ते तसे नाही. दोघींच्या सादरीकरणाला जवळपास सारखे गुण द्यावेत, हे मला आजही पटत नाही. किमच्या हालचालीतला संथ, सलग ओघ आणि सोत्निकोवाचा जोरकस, प्रेक्षकांकडे पाहून केलेला आविष्कार यांत एका दर्जाचे अंतर होते, आणि त्याआधीच्या मोसमात सोत्निकोवाला या भागात बरेच कमी गुण मिळत असत. त्याखेरीज सोत्निकोवाच्या उड्या किती सफाईदार झाल्या, यासाठी परीक्षकांनी दिलेल्या वाढीव गुणांची बेरीज १४.११ होती, तर किमची १२.२०. या दोन रकान्यांवर चाहत्यांनी बोट ठेवले असते, तर त्यांची तक्रार भक्कम ठरली असती. तरीही किमला सुवर्ण मिळण्यासाठी या रकान्यांतून साडेपाच गुणांचा फरक भरून निघायला हवा होता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

संशय वाढला तो वेगळ्याच कारणाने. फ्री स्केटच्या परीक्षकांमध्ये एक बाई रशियन स्केटिंग महासंघाच्या वरिष्ठ पदाधिकाऱ्याच्या पत्नी होत्या आणि दुसऱ्या एका परीक्षकावर १९९८ च्या नागानो ऑलिंपिकनंतर वर्षभराच्या निलंबनाची कारवाई झालेली होती. भरीस भर म्हणजे कोणते गुण कोणी दिले, हे त्या काळी गुप्त ठेवले जात असे. कोरियाची तक्रार आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने त्याच वर्षी फेटाळली. ही गुप्तता मात्र संघटनेने २०१६ मध्ये रद्द केली आणि आता प्रत्येक गुणापुढे परीक्षकाचे नाव येते.

गुप्तता किती वाईट असते, याचा एक लहानसा अनुभव मलाही आहे. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातल्या एका लेझीम स्पर्धेसाठी आम्ही तिघे परीक्षक होतो. एका मंडळाच्या पथकात बैठक घेऊन उठताना एका मुलाच्या हातून लेझीम खाली पडली. तिचा खणखणाट हलगीच्या वरताण ऐकू आला. दुसऱ्या मंडळाने काहीच चूक केली नाही, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच चार ठेक्यांचा साधा डाव खेळला. आम्ही पहिला क्रमांक पहिल्या मंडळाला दिला. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या मंडळाचे एक वयस्क कार्यकर्ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, लेझीम पडलेली तुम्हाला दिसली नाही का?" दिसली होती आणि तिचे गुणही कापले होते. पण गुणपत्रिका बंद पाकिटात आयोजकांकडे गेल्या होत्या आणि त्या कोणालाही दाखवू नयेत, असा नियम होता. कागद दाखवता आला असता तर ते गृहस्थ समाधानाने घरी गेले असते, असे मी म्हणत नाही. भांडलेच असते, परंतु माझ्या गुणांशी भांडले असते, माझ्या हेतूशी नव्हे.

प्रश्न : चार फेऱ्यांची उडी घेताना पडलेल्या मुलीला न पडलेल्या मुलीपेक्षा जास्त गुण कसे मिळतात? आमच्या हॉस्टेलवर यावरून पैज लागली आहे.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : पैजेचे पैसे कोणाला द्यायचे, ते हिशेब पाहून ठरवा. चार फेऱ्यांच्या लुट्झ उडीची मूळ किंमत ११.५० आहे. सफाईसाठी परीक्षक उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर गुण देतात आणि या पट्टीची प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या १० टक्के असते. स्केटर पडली की उणे पाच ठरलेले, म्हणजे ५.७५ गेले. पडल्याबद्दल आणखी एक गुण वजा. उरले ४.७५. उलट, दोन फेऱ्यांच्या अॅक्सल उडीची मूळ किंमत ३.३० आहे; ती छान उतरली आणि अधिक दोन मिळाले, तरी ३.९६ होतात. पडलेली पुढे गेली ती अशी. पण हीच तुलना तीन फेऱ्यांच्या लुट्झशी केली, तर चित्र उलटते, कारण ती स्वच्छ उतरल्यास मूळ ५.९० पूर्ण हातात पडतात. तेव्हा पैज कोणत्या उडीवर लावली होती, हे आधी तपासावे.

चाहत्यांच्या नजरेतून हमखास निसटणारी गोष्ट म्हणजे अपुरी फिरकी, म्हणजे उडीतल्या फेऱ्या हवेतच पूर्ण न होणे. स्केटर उभी राहते, हात पसरते, टाळ्या पडतात आणि पडद्यावर गुण कमी येतात. अशा वेळी संथ गतीची चित्रफीत पाहावी आणि पाते बर्फाला टेकते त्या क्षणी ती थांबवावी. पाते मागच्या दिशेला वळलेले असायला हवे. ते आडवे टेकून उरलेला वळसा बर्फावरच पूर्ण होत असेल, तर टोकापाशी बर्फाचा बारीक चुरा उडताना दिसतो. पाव फेरीहून अधिक कमतरता असल्यास मूळ किंमत ८० टक्क्यांवर येते, अर्ध्या फेरीची कमतरता असल्यास उडी एका फेरीने खालची धरली जाते. हा निर्णय गुण देणारे परीक्षक घेत नाहीत, त्यासाठी वेगळे तांत्रिक पथक असते. शिव्या मात्र परीक्षकांनाच बसतात!

आपल्या मित्रांना २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकचा निकालही दाखवा. अलेक्सांद्रा त्रुसोवाने फ्री स्केटमध्ये चार फेऱ्यांच्या पाच उड्या घेतल्या आणि त्या दिवशी १७७.१३ गुणांसह ती पहिली आली. आन्ना श्चेर्बाकोवाने अशा दोनच उड्या घेतल्या, तिला १७५.७५ मिळाले. तरीही सुवर्ण श्चेर्बाकोवाला गेले, कारण शॉर्ट प्रोग्रॅममध्ये त्रुसोवा तीन फेऱ्यांच्या अॅक्सलवर पडली होती आणि तेथे ती ७४.६०, तर श्चेर्बाकोवा ८०.२० होती. पाच उड्यांचे कौतुक करणारे चाहते आदल्या फेरीतली ती एक उडी विसरतात. रौप्य मिळाल्यावर त्रुसोवा कॅमेऱ्यांसमोर रडली, ते दृश्य जगाने पाहिले. सतरा वर्षांच्या मुलीला तेवढा हक्क असावा, असे मला वाटते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. निकाल मनासारखा लागला नाही की चाहते परीक्षकांवर आणि कधी कधी जिंकलेल्या मुलीवरही तुटून पडतात, हे मला अशोभनीय वाटते. प्रेक्षकांनी कसे वागावे, याला काही धरबंध आहे का?
— एक वाचिका, उत्तर कसबा, सोलापूर

उत्तर : बाई, आपले निम्मे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. सोत्निकोवा तेव्हा सतरा वर्षांची होती. तिने गुणपत्रिका भरली नव्हती आणि परीक्षक नेमले नव्हते. तिने आपल्या वाट्याच्या उड्या मारल्या. तिच्या नावाने बोटे मोडणे हा निव्वळ अन्याय होता.

उरलेल्या निम्म्याबाबत मी चाहत्यांची बाजू घेईन, कारण या खेळाचे नियम प्रेक्षकांच्या नाराजीनेही बदलले आहेत. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शुबाने सुवर्ण जिंकले ते बर्फावर ठरावीक आकृत्या अचूक कोरून. संगीतावरच्या खुल्या सादरीकरणात ती सातवी होती. प्रेक्षकांना भावली ती अमेरिकेची जॅनेट लिन. ती फिरकी घेताना पडली, बर्फावर बसल्या बसल्या हसली आणि कांस्यपदक घेऊन गेली. जपानी लोकांनी तिला पुढे कायम जीव लावला. टीव्हीसमोरच्या लोकांना आकृत्या दिसतच नव्हत्या, त्यामुळे निकाल त्यांना कळेना. पुढच्याच वर्षी शॉर्ट प्रोग्रॅम आला, आकृत्यांचे वजन घटत गेले आणि १९९० नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून पूर्णपणे गेल्या.

कधी कधी खुद्द स्केटरच प्रेक्षकांच्या बाजूने उभी राहते. फ्रान्सच्या त्या स्केटरचे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटेल : सूर्या बोनाली. दत्तक आईवडिलांनी आपला संस्कृत शब्दच तिला नाव म्हणून दिला. १९९४ च्या जागतिक स्पर्धेत जपानच्या युका सातोकडून ती अगदी थोडक्यात हरली आणि गळ्यात घातलेले रौप्यपदक तिने तेथेच काढून ठेवले. चार वर्षांनी नागानोमध्ये, पदक मिळणार नाही हे कळून चुकल्यावर, नियमाने बंदी असलेली उलटी कोलांटी तिने मारली आणि एका पायावर उतरली. गुण कापले गेले, पण प्रेक्षक आनंदाने ओरडले. ती बंदी २०२४ मध्ये उठली.

मला सर्वांत जवळची वाटते ती जपानच्या माओ आसादाच्या चाहत्यांची प्रतिक्रिया. सोचीमध्ये शॉर्ट प्रोग्रॅम पूर्ण बिघडून ती ५५.५१ गुणांसह सोळावी होती. दुसऱ्या दिवशी तिने तीन फेऱ्यांच्या आठ उड्या घेतल्या, त्यात तिची लाडकी अॅक्सलही होती, आणि शेवटच्या मुद्रेतच तिचा बांध फुटला. १४२.७१ गुण मिळून ती सहावी आली. तांत्रिक पथकाने काही उड्यांना अपुऱ्या फिरकीची खूण केली होती. तिच्या चाहत्यांपैकी अनेकांना ती खूण बरोबर आहे हेही माहीत आहे, तरी ते सादरीकरण ते पदकाइतकेच जपून ठेवतात.

एका बाबतीत मात्र प्रेक्षकांनी आणखी आवाज उठवायला हवा होता, तो मुलींच्या वयाबाबत. बीजिंगमध्ये कामिला वालियेवा पंधरा वर्षांची होती. तिचा उत्तेजकाचा नमुना दोषी आल्याची बातमी स्पर्धा चालू असतानाच फुटली, ती फ्री स्केटमध्ये पुनःपुन्हा पडली आणि चौथी आली. त्यानंतर वरिष्ठ गटासाठी किमान वय टप्प्याटप्प्याने १७ करण्यात आले. नियम आला तो त्या संध्याकाळनंतर, आधी नाही, याची खंत वाटते.

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी हे सगळे पाहून स्केटिंगचा हट्ट धरून बसली आहे. सोलापुरात शिकता येईल का?
— एक पालक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : चाकांवरचे स्केटिंग येथे शिकता येते, बर्फावरचे नाही. त्यासाठी देहरादूनचे बंदिस्त मैदान किंवा हिवाळ्यात थंडीने पाणी गोठून तयार होणारे सिमल्याचे मैदान गाठावे लागेल. चाकांवरही उड्या आणि फिरक्यांची कलात्मक स्पर्धा असते आणि उड्यांची नावेही तीच, अॅक्सल आणि लुट्झ. त्यामुळे सुरुवात वाया जाणार नाही. वर्ग सकाळी लवकरचा निवडा, कारण नऊनंतर सिमेंट तापते. चाके आणि बूट पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका, पाय वाढतो. हेल्मेट आणि मनगटाचे पॅड मात्र पहिल्याच दिवशी घ्या, कारण पडताना मुले हात टेकतात.