सहा महिने रोज की तीन महिने आठवड्याला?

प्रश्न : यजमानांना फुफ्फुसाचा टीबी झालाय, औषधं सुरू आहेत. सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि मी, आम्हालाही प्रतिबंधक गोळ्या घ्यायला सांगितल्यात. सहा महिने रोज, किंवा आठवड्यातून एकदा असं तीन महिने. मुलगा सहा महिने काही टिकणार नाही. काय निवडावं?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : आठवड्याचा कोर्स घ्या. काहीही दुखत-खुपत नसताना रोज गोळी घ्यायचा कंटाळा येतोच. अमेरिका, कॅनडा, ब्राझील आणि स्पेनमधल्या एका मोठ्या चाचणीत (2011) तीन महिन्यांचा कोर्स 82 टक्के लोकांनी पुरा केला, रोजच्या गोळ्यांचा नऊ महिन्यांचा 69 टक्क्यांनी. पण यात एक मेख आहे. तीन महिनेवाले प्रत्येक डोस कुणाच्या तरी समोर घेत होते, नऊ महिनेवाले घरी आपापले. 2017 च्या चाचणीत हाच आठवड्याचा कोर्स समोर घेणाऱ्यांपैकी 87 टक्क्यांनी संपवला, आपापल्या घेणाऱ्यांपैकी 74 टक्क्यांनी. मोबाइलवर आठवण करूनही आकडा 76 पर्यंतच गेला. तेव्हा नुसत्या अलार्मवर विसंबू नका. रविवारी जेवण झालं की तिघांनी एकमेकांसमोर गोळ्या घ्या आणि लगेच कॅलेंडरवर खूण करा.

डोस चुकला आणि दोन दिवसांत आठवला, तर लगेच घ्या, पुढचा रविवारीच. त्याहून उशीर झाला तर घेतला तो वार पुढे धरा. दोन डोसांत निदान चार दिवस हवेत. बाराही डोस 16 आठवड्यांत संपवा.

गोळीनंतर काही तासांनी ताप, अंगदुखी, चक्कर येऊ शकते. आधी सांगून ठेवलं तर माणूस घाबरत नाही. लघवी नारिंगी होते, त्याची काळजी नको. उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर मात्र गोळ्या बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

सुरुवातीआधी तिघांची तपासणी हवीच : खोकला, ताप, वजनात घट, रात्रीचा घाम, छातीचा एक्स-रे. टीबी लपलेला असेल तर एवढ्या औषधाने तो बरा होत नाही, उलट जंतू औषधाला निगरगट्ट होऊ शकतात. यजमानांचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे ना, तेही विचारा. नसेल तर हे दोन्ही पर्याय बाद. सासूबाईंच्या मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा. आठवड्याच्या कोर्समधल्या औषधाने गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, आणि गरोदरपणात हा कोर्स देत नाहीत.

यजमानांचा कोर्स मात्र तुम्ही कमी करू नका. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन भरतं, आणि नेमकं तेव्हाच गोळ्या सुटतात. रविवारच्या त्या कॅलेंडरवर त्यांच्याही रोजच्या खुणा करा.