जिल्हा परिषदेच्या शाळेचा हिशेब पालकांनी कोणाला विचारावा?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, मोहोळ तालुक्यातील आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एक शिक्षक कमी आहे, वर्गखोली गळते, आणि विचारायला गेल्यावर मुख्याध्यापक पंचायत समितीकडे व पंचायत समिती जिल्हा परिषदेकडे बोट दाखवते. मग जबाबदार कोण? मी दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे, त्या नात्याने लिहितो.

मुख्याध्यापकांच्या हाती फार थोडे असते, हे आधी मान्य केले पाहिजे. वेतन राज्य शासन देते, पदे पटानुसार, म्हणजे विद्यार्थिसंख्येनुसार, संचमान्यतेत (शिक्षकपदांच्या शासकीय मंजुरीत) ठरतात आणि भरती पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षकभरती संकेतस्थळावरून होते. शाळेच्या खात्यात येते ते मुख्यतः समग्र शिक्षा या केंद्र-राज्य योजनेचे अनुदान, ज्यात केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. ३१ ते १०० पटाच्या शाळेला निकषानुसार वर्षाला २५,००० रुपये मिळतात. त्यातून वीजबिल, खडू, स्वच्छतागृहाची निगा आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची असते. गळके छत त्यात बसत नाही. त्याचा प्रस्ताव तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो आणि निधी बहुधा जिल्हा नियोजन समितीकडून मिळावा लागतो.

माझ्या मते खरी अडचण पैशापेक्षा उत्तरदायित्वाच्या दिशेत आहे. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांना (परिसरातील काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्यांना), केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि गटशिक्षणाधिकारी जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना माहिती देतात. यू-डायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन माहिती नोंदणीपासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत सर्व कागद वर जातात, पालकांकडे मात्र काहीच येत नाही. त्यातच मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपून पुढे काही वर्षे प्रशासक राहिले, त्यामुळे निवडून आलेल्या सदस्यांची शिक्षण समिती, जिथे गावचा प्रश्न सभेत मांडता आला असता, तीही त्या काळात उरली नाही.

पालकांकडे पाहणारी एकच रचना कायद्यात आहे, ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. प्रत्यक्षात काय होते, ते मी पाहिले आहे: इतिवृत्त आधीच लिहून तयार असते आणि शेतावर निघालेल्या आईला फाटकातच थांबवून सही घेतली जाते. आमच्या शाळेत महिला सदस्यांनी पासबुक आणि पावत्या समोर आल्याशिवाय सही न करण्याचे ठरवले, तेव्हा टाकीच्या नव्या तोटीची पावती निघाली, तोटी मात्र जुनीच होती. पुढच्या सभेपूर्वी ती बदलली गेली.

आपणही समितीच्या सभेत शाळा विकास आराखडा मागावा. कलम २२ नुसार तो समितीनेच तयार करायचा असतो आणि शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजना व अनुदाने त्याच्या आधारे ठरायची असतात; गळक्या खोलीचा उल्लेख त्यात नसेल, तर वरच्या कार्यालयाला ‘मागणीच आली नाही’ असे म्हणायला जागा मिळते. शिक्षकाबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. प्राथमिक शाळेत पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असला तरी दोन शिक्षक हवेत, आणि कलम २६ प्रमाणे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवता येत नाहीत, म्हणजे दोन शिक्षकी शाळेत एकही जागा रिकामी ठेवण्यास वाव नाही. शिक्षक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामावर गेले असतील, तर मात्र कलम २७ त्याला मुभा देते, हे दुर्दैवाने खरे आहे.

या दोन्ही बाबींचा ठराव घेऊन त्याची प्रत जोडावी आणि कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित आहे, आणि तो समाधानकारक नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.