ताई, पाटल्या राहू द्या, आधी भाच्याची टेस्ट करा

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर करणारा आनुवंशिक आजार, थोडक्यात डीएमडी) असावी असं डॉक्टर सीपीके (स्नायूंच्या नुकसानीची रक्ततपासणी) आणि त्याचं चालणं बघून म्हणालेत, जीनची टेस्ट झालेली नाही. ताईंना आता स्वतःला मूल हवंय, लॅबवाल्याने 32 हजारांचं पॅनेल (एकदम बरेच जीन तपासणारी टेस्ट) सांगितलंय, तर सोसायटीत (पतसंस्थेत) पाटल्या ठेवून कर्ज काढू का?

नको ताई. टेस्ट करूच नका असं नाही म्हणत मी, पण तुमच्यापासून सुरुवात केली तर पैसे वाया जायची शक्यता जास्त. आधी भाच्याची एमएलपीए नावाची जीन टेस्ट करा, डीएमडी जीनमध्ये 79 एक्सॉन (जीनचे तुकडे) असतात आणि त्यातला तुकडा गळालाय की डबल झालाय ते त्यात कळतं, दहातल्या साधारण सात मुलांचा दोष तिथंच सापडतो, नाही सापडला तर मग सिक्वेन्सिंग, म्हणजे जीन अक्षरन् अक्षर वाचणं. एकदा नेमका दोष हातात आला की बहिणीचा आणि तुमचा फक्त तेवढाच तपासायचा, तो खर्च बराच कमी. उलट आत्ता पॅनेल केलं आणि 'निगेटिव्ह' आलं तरी भरवसा काय? हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि बायकांत ते दोन, एकावरचा गळालेला तुकडा दुसऱ्यामुळे साध्या सिक्वेन्सिंगमध्ये झाकला जाऊ शकतो. हे लॅबवाला कशाला सांगेल!

आणि साधारण एक तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच आलेला असतो, आईत नसतोच. बहीण कॅरिअर (स्वतःत दोष असलेली, जो मुलांकडे जाऊ शकतो) नाही निघाली तर तुमच्या टेस्टची गरजच बहुतेक संपली बघा. ती निघाली तर मात्र तुमची कराच, आणि दिवस राहायच्या आधी, कारण पुढे अकराव्या आठवड्याच्या आसपास सीव्हीएस (वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी) करायची तर घरातला दोष आधीच माहीत पाहिजे. कॅरिअर असाल तर प्रत्येक मुलग्याला आजार व्हायची शक्यता निम्मी.

तुमची बँकेत दीड लाखाची एफडी आहे म्हणता, ती मोडू नका, तिच्यावर ओडी (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून कर्ज) घ्या, व्याज एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं पण जेवढे उचलाल तेवढ्यावरच. भाच्याच्या टेस्टचा खर्च बहिणीबरोबर वाटून घ्या, तो रिपोर्ट दोघींच्या उपयोगाचा. पिग्मीचे (रोजच्या बचतीचे) पैसे असतील तर ते सीव्हीएससाठी बाजूला राहू देत. (सोसायटीतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं, म्हणून तिथं फार साठवू नका.)

हेल्थ इन्शुरन्स नसेल तर आत्ताच काढा की. कॅरिअर बायकांना पुढे हृदयाचा त्रास होऊ शकतो. फॉर्मवर जे विचारलंय ते खरं लिहा, लपवलं तर क्लेम अडकतो.