ऑफिसच्या कार्यक्रमात जादूगार: वाचकांचे प्रश्न

छोट्या ऑफिस-कार्यक्रमांसाठी जादूगार कसा निवडावा, यावर पुन्हा एकदा पत्रांचा ढीग जमलाय. बहुतेकांचा घोळ तोच. ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हटलं की कुणाला तरी हात धरून पुढे आणायचं, अशी पक्की समजूत आहे. काही प्रश्न घेते.

प्रश्न: आम्ही साठ जण आहोत. जादूगार टेबलांमधून फिरवावा की सगळ्यांसमोर एकच प्रयोग ठेवावा?

त्या वेळी लोक काय करत असतील, ते आधी पाहा. उभ्याने गप्पा मारत असतील किंवा जेवणाच्या टेबलांवर विखुरलेले असतील, तर फिरता जादूगार. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसणार असतील, तर समोरचा प्रयोग, अर्ध्या-पाऊण तासाचा.

फिरत्या जादूचं गणित सोपं आहे. एका घोळक्यात सहा-आठ जण आणि प्रत्येक घोळक्याला पाच-सात मिनिटं. साठ जणांचे आठ-नऊ घोळके होतात, म्हणजे मधली ये-जा धरून तास-सव्वा तास जातो. ‘अर्ध्या तासात सगळी टेबलं करतो’ म्हणणारा एकतर प्रत्येक ठिकाणी एकच युक्ती उरकतो, नाहीतर कोपऱ्यातली टेबलं गाळतो. वाढप चालू असताना त्याला पाठवू नका. ताटांच्या गर्दीत पत्ते ठेवायला जागा नसते आणि लोकांचं लक्षही नसतं.

समोरच्या प्रयोगात अडचण दिसण्याची. सपाट जमिनीवर तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्याला कलाकाराच्या छातीखालचं फारसं दिसत नाही, टेबलावरचं नाणं तर नाहीच. तिथे मोठ्या वस्तू, दोर किंवा लोकांच्या उत्तरांवर चालणारे मेंटॅलिझमचे, म्हणजे मनातलं ओळखल्याचा भास घडवणारे, प्रयोग लागतात. खुर्च्यांची मांडणी आणि हॉलचे फोटो जादूगाराला पाठवा, मग त्याच्याशी बोलून ठरवा.

प्रश्न: पार्श्वसंगीत चालू ठेवलं तर चालेल का?

अगदी मंद असेल तर चालेल. कलाकाराचं बोलणं ऐकू आलं नाही तर जादू राहत नाही.

प्रश्न: एका एजन्सीने भन्नाट व्हिडिओ पाठवलाय. ‘तुमच्याकडेही हुबेहूब असंच होईल’ म्हणतात. बुक करू का?

व्हिडिओत कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कुठे कापायचं, हे त्यांच्या हातात असतं. तुमच्या हॉलमध्ये लोक जादूगाराच्या पाठीमागेही उभे असतील. अनेक युक्त्या एकाच बाजूने पाहण्यासाठी असतात, त्या तिथे उघड्या पडतात. तुमच्याएवढ्याच गर्दीत झालेल्या कार्यक्रमाचं न कापलेलं चित्रण मागा. आणि व्हिडिओतला माणूसच येणार का, हे लेखी घ्या. एकाची चित्रफीत दाखवून दुसऱ्याला पाठवण्याचा धंदा जुना आहे. कलाकाराशी थेट बोलू द्यायला एजन्सी कां-कूं करत असेल, तर ॲडव्हान्स देऊ नका.

प्रश्न: टीममधली एक सहकारी फार अबोल आहे. न सांगता तिला पुढे बोलावलं तर ती खुलेल, असं साहेबांना वाटतं. तिची थोडी माहिती जादूगाराला आधीच देऊन ठेवावी का?

नाही. बोलवायचंही नाही आणि माहितीही द्यायची नाही.

नाट्यगृहात पुढे आलेला प्रेक्षक अनोळखी गर्दीत असतो. प्रयोग संपला की सुटला. तुमची सहकारी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लोकांसमोर बसणार आहे. साहेब पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत असताना ती नाही म्हणू शकेल का? ज्याला नकाराची वाटच नाही, त्याचा सहभाग कसला?

अनुभवी जादूगार माणूस स्वतः निवडतो. कोण हसतंय, कोण पुढे झुकलंय, कोण नजर चुकवतंय, हे तो पाहत असतो. विचारतो, आणि पहिल्या ‘नको’वर पुढे जातो. मुळात कुणाला उठवायची गरजही फार वेळा नसते. स्पंजच्या एका चेंडूचे प्रेक्षकाच्या मिटलेल्या मुठीत दोन होतात, प्रेक्षक खुर्चीत बसल्या बसल्या. इंटरॅक्टिव्ह जादू ती हीच.

आता माहितीचं. कार्यक्रमाआधी प्रेक्षकांपैकी काहींशी बोलून घेणं ही मेंटॅलिझममधली रूढ पद्धत आहे आणि त्या व्यक्तीला ते ठाऊक असेल तर माझी हरकत नाही. पण एचआरने फायलीतून जन्मतारीख, जोडीदाराचं नाव, लहानपणच्या कुत्र्याचं नाव परस्पर पुरवायचं? यातल्या निम्म्या गोष्टी लोकांच्या पासवर्डमध्ये नाहीतर बँकेच्या सुरक्षाप्रश्नांत असतात. फोनचा पिन ओळखण्याचा प्रयोगही ऑफिसच्या फोनवर नको. मनगटावरचं घड्याळ काढून दाखवणारे, खांद्यावर हात टाकणारे, कपड्यांवर किंवा लग्नावर विनोद करणारे यांना हे चालणार नाही, असं आधीच स्पष्ट सांगा आणि लिहून द्या. कुणाची फिरकी घ्यायचीच असेल तर साहेबांची घ्या, त्यांना विचारून.

तुमच्या सहकारीला काय आवडेल हे जादूगाराला नाही, तिला विचारा. माहिती देण्याचा विषय निघाला तर कंपनीच्या कायदा विभागाकडे जा.

प्रश्न: ऐकलंय की मेंटॅलिस्ट देहबोलीवरून खोटं पकडतात. तेच कौशल्य मुलाखतींसाठी शिकवायला सांगावं का?

ऐकलंय, ऐकलंय! मंचावरची ‘देहबोली’ ही बहुतेक वेळा युक्ती झाकणारी गोष्ट असते. चार्ल्स बाँड आणि बेला डेपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये खोटं ओळखण्याबद्दलच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसतं पाहून-ऐकून खरं-खोटं ठरवणाऱ्यांची उत्तरं सरासरी 54 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं तरी 50 येतात. करमणूक म्हणून मेंटॅलिस्ट जरूर बोलवा. उमेदवार निवडायला मानसशास्त्राच्या जाणकाराला विचारा.

प्रश्न: आगीच्या ज्वाळा, कबुतरं असं काही ठेवता येईल?

छोट्या बंद खोलीत दोन्ही नको. ज्वाळेसाठी वापरतात तो कागद नायट्रोसेल्युलोजचा असतो, क्षणात पेटतो. इमारतीच्या सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी परवानगी नसेल तर विषय बंद.

प्रश्न: पुढच्या शुक्रवारी नव्या उत्पादनाचा छोटा कार्यक्रम आहे. जादूतून आमचं नाव आणि बोधचिन्ह प्रकट व्हावं, असं वाटतं. जमेल?

मजकूर महिनाभर आधी ठरला असणार, मग जादूगाराची आठवण आता का झाली? नाव प्रकट करणारा प्रयोग नव्याने लिहावा लागतो, साहित्य छापून घ्यावं लागतं आणि सराव करावा लागतो. आठवड्यात फार तर त्याच्या तयार प्रयोगात तुमचं कार्ड बसेल. आजच फोन करा. बोधचिन्हाची मोठ्या आकाराची फाइल, उत्पादनाबद्दल चार ओळी आणि बोलू नयेत असे शब्द सोबत पाठवा. तो नाही म्हणाला तर दुसरा ‘हो’ म्हणणारा शोधत बसू नका, साधा फिरता जादूगार घ्या.