हार्ड डिस्कचा पासवर्ड विसरला, सोसायटीचे हिशोब आत अडकले

प्रश्न : वाशीत आमची सिडकोने बांधलेल्या बिल्डिंगची सोसायटी आहे, सध्या रिडेव्हलपमेंटची धावपळ चालू आहे. सोसायटीच्या लॅपटॉपला आधीच्या सेक्रेटरी काकांनी पासवर्ड टाकलेला, तो आता त्यांना आठवत नाही. विंडोज यायच्या आधीच काळ्या स्क्रीनवर हार्ड डिस्क पासवर्ड मागतो. एक रिपेअरवाला म्हणतो आतला सेल काढला की उडेल, दुसरा म्हणतो फॉरमॅट मारू. मेंटेनन्सचे हिशोब, मीटिंगची मिनिट्स सगळं त्यातच आहे. काय करू?
– एक सेक्रेटरी, वाशी

उत्तर : सर्वात आधी लॅपटॉप दुकानातून घरी आणा, प्लीज. सेल काढून काहीही होणार नाही कारण हा पासवर्ड मदरबोर्डवर नसतोच, तो डिस्कच्या आत असतो, म्हणून डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी ती उघडत नाही. आणि फॉरमॅट म्हणाल तर लॉक असलेली डिस्क साधा फॉरमॅट घेतच नाही, कोणी "करून देतो" म्हणाला तर तो सगळं इरेज करणार, म्हणजे डिस्क मोकळी होईल पण तुमचे हिशोब गेले ते गेलेच. काही एसएसडीच्या (म्हणजे नव्या, न फिरणाऱ्या डिस्कच्या) स्टिकरवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरी कोड असतो, त्यानेही हेच होतं.

आता काकांना लॅपटॉपसमोर बसवा. फोनवर पासवर्ड विचारून तुम्ही टाईप करू नका, त्यांनाच टाकू दे, कारण बऱ्याचदा डोक्याला आठवत नाही ते बोटांना आठवतं. चुकलं तरी घाबरू नका, पाच वेळा चुकलं की डिस्क पुढचे पासवर्ड घेत नाही पण आतलं काही पुसलं जात नाही, लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला की परत विचारते. कॅप्स लॉक लावून आणि काढून दोन्ही बघा. लॅपटॉप जुना आणि छोटा असेल, वेगळा नंबर पॅड नसेल, तर नम लॉकसुद्धा बघा! तो चालू असला तर अशा कीबोर्डवर जे के एल दाबलं की १ २ ३ जातं आणि यू आय ओ दाबलं की ४ ५ ६, म्हणजे काकांनी पासवर्ड ठेवताना तो चालू राहिला असेल तर बरोबर पासवर्डही आज चूकच दाखवणार.

तेवढ्यात एएमसीवाल्याला (वर्षभराच्या देखभालीचं काम घेतलेल्याला) किंवा ज्याने लॅपटॉप सेट करून दिला त्याला फोन करा. या पासवर्डचे दोन प्रकार असतात, युजर आणि मास्टर, आणि त्याने मास्टर ठेवला असेल तर बऱ्याच लॅपटॉपवर त्याने डिस्क उघडते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारायला हरकत नाही, सोसायटीच्या नावाचं बिल न्या, पण ते बहुतेक नवीन डिस्क टाकायलाच सांगतील. जुनी फिरणारी डिस्क असेल तर डेटा रिकव्हरी लॅब काही मॉडेल्सचं लॉक काढू शकतात, मात्र डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या, म्हणजे आतलं सगळं सांकेतिक रूपात ठेवणाऱ्या डिस्कसाठी कोणी खात्री देत असेल तर पैसे देऊ नका.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच, तुम्ही समजताय तेवढं सगळं त्या एकट्या डिस्कवर अवलंबून नाही. ऑडिटरकडे दरवर्षीचे हिशोब असतात, स्ट्रक्चरल ऑडिट केलेल्या इंजिनियरकडे त्याचा रिपोर्ट असतो, बँक जुनी स्टेटमेंट्स देते, मिनिट्स छापून बुकात चिकटवली असतील, आणि सोसायटीच्या ईमेलचं सेंट फोल्डर उघडून बघा, मेंबरांना पाठवलेल्या नोटिसा आणि एक्सेल फाईली तिथे निघतात. रिडेव्हलपमेंटची कामं थांबवू नका, आजपासून हे गोळा करायला लागा.

लॅपटॉपला नवीन एसएसडी टाकून तो वापरात घ्या, आणि जुनी डिस्क बिलासकट पाकिटात घालून सोसायटीच्या कपाटात ठेवा, काकांना पासवर्ड आठवला तर ती त्याच लॅपटॉपला लावून बघायची, दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर बरोबर पासवर्डही कधीकधी लागत नाही.