पुस्तक मिटलं कुठे?

“मॅडम, तिचा कॉन्फिडन्स तेवढा वाढवून द्या.” माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या अकरावी-बारावीतल्या मुलींच्या आया जवळजवळ याच शब्दांत सांगतात. मुलगी फोटोत सगळ्यांच्या मागे उभी राहते, भर उन्हाळ्यात जॅकेट काढत नाही, लग्नकार्याचं नाव काढलं की पोटात दुखतं. दिवसभर खोलीत बसून इंग्रजी कादंबऱ्या. “त्या पुस्तकांनीच डोकं फिरवलंय” हे पुढचं वाक्य ठरलेलं. म्हणून एकीबद्दल जरा सविस्तर लिहिते. तिची परवानगी आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मृण्मयी सतरा वर्षांची. चुलतबहिणीचं लग्न ठरलं आणि ही ब्लाउजचं माप द्यायला जाईना. “मापाला जुना कुडता न्या, मी येणार नाही.” त्यावरून घरात रडारड झाली, तेव्हा आई तिला माझ्याकडे घेऊन आली. सुरुवातीच्या भेटींत ती फक्त पुस्तकांबद्दल बोलली आणि मी बोलू दिलं. वजनाचा विषय मी काढत नाही. तो ऐकवणारे तिच्या आजूबाजूला भरपूर असतात.

एकदा तिच्या सॅकमधून जूली मर्फी यांची ‘डंपलिन’ डोकावत होती. २०१५ची अमेरिकी कादंबरी, २०१८मध्ये नेटफ्लिक्सवर तिच्यावरचा चित्रपटही आला. टेक्ससमधल्या छोट्या गावातली विलोडीन अंगानं जाड आहे आणि तिला त्याचं फारसं काही वाटत नाही. आई मात्र एकेकाळी गावची सौंदर्यस्पर्धा जिंकलेली. आता ती स्पर्धा तीच भरवते आणि लेकीला लाडानं ‘डंपलिन’ म्हणते. (आपल्याकडच्या गोष्टींत जाडा मुलगा बहुधा हसवण्यापुरताच येतो. फास्टर फेणे किडकिडीत. जाड मुलगी नायिका असलेली मराठी कुमारकादंबरी मला तरी चटकन आठवत नाही. या मुली इंग्रजीकडे का जातात, याचं थोडं उत्तर तिथं आहे.)

“कुठवर आलीस?” मी विचारलं.

“सोडलं मी ते. आधी आवडलं होतं, मग बोअर झालं.”

“कुठं बोअर झालं? दाखव ना.”

तिनं पानं चाळली आणि बरोबर जागा काढून दिली. विलोडीनला बो आवडतो, त्यालाही ती आवडते. तो तिला जवळ घेतो, त्याचे हात तिच्या पाठीवर, कमरेवर येतात आणि इतका वेळ बिनधास्त असलेली ही मुलगी आक्रसते. आता याच्या हाताला काय काय लागत असेल, हाच विचार.

“इथपर्यंत ती भारी होती. मग माझ्यासारखंच करायला लागली. रागच आला मला.”

“तुझ्यासारखं म्हणजे?”

मग टेपची गोष्ट बाहेर आली. टेलरबाई टेप छातीभोवती फिरवतात, आकडा मोठ्यानं सांगतात, त्यांची मुलगी वहीत लिहून घेते. दुकानात चार बायका बसलेल्या असतात. एकदा त्यातली एक म्हणाली होती, “कापड जास्तच लागेल हो हिला.”

नायिका शेवटी जिंकते कशी, हे विचारलं की मुली मला बरं वाटेल असं उत्तर देतात. पुस्तक मिटलं कुठे, हे विचारलं की खरं बोलतात. हा प्रश्न मला कुणी शिकवला नाही. कामातूनच सापडला आणि आता तो माझा हुकमी प्रश्न आहे.

पुढच्या भेटीत मी तिला म्हटलं, “विलोडीन आक्रसली. म्हणजे आधीच्या पानांत ती खोटं बोलत होती?”

“नाटकच होतं ना मग ते.”

“नक्की?”

ती बराच वेळ पुस्तकाचा कोपरा दुमडत बसली. मी गप्प राहिले. मग हळूच म्हणाली, “नाटक नव्हतं. तोपर्यंत तिला कुणी हातच लावला नव्हता.”

मी असते तर इतकं नेमकं मांडू शकले नसते. एकटीनं आपल्या खोलीत ठीक असणं वेगळं आणि कुणाची तरी नजर, हात, टेप अंगाला लागलेला असताना ठीक असणं वेगळं. दुसऱ्या ठिकाणी गडबडलं म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार मानते, जो कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवला. कृतीला हवे तेवढे मार्क द्या, माणसाला देऊ नका, हे त्याचं सार. आया ज्याला कॉन्फिडन्स म्हणतात ते बहुतेकदा स्वतःला चढे मार्क देणं असतं. ते मार्क टेलरच्या दुकानातही उतरतात. म्हणून तो वाढवून देण्याचं कंत्राट मी घेत नाही.

“म्हणजे लाज वाटत असतानाही माप देता येईल?” हे तिनंच विचारलं.

“देऊन बघ.”

ती गेली. लाज वाटलीच. पण टेलरबाईंना म्हणाली, “काकू, आकडा हळू सांगा.” त्या म्हणाल्या, “अगं, पोरीला कमी ऐकू येतं म्हणून ओरडते मी.” हे सांगताना मृण्मयी इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

आईशी वेगळं बोलले. घरात मृण्मयीला ‘ढब्बू’ म्हणतात. “लाडानं म्हणतो हो.” विलोडीनची आईही लाडानंच म्हणते, असं मी सांगितलं. त्यांनी पुस्तकाबद्दल ऐकून पहिलं विचारलं, “शेवटी बारीक होते का ती?” नाही होत. “मग?” त्या ‘मग’वरच आमची पुढची भेट गेली. आता घरात मृण्मयी म्हणतात, निदान पाहुण्यांसमोर तरी.

पालकांना एवढंच सांगेन: “घे, तुझ्यासारखीच आहे यातली” म्हणून असं पुस्तक मुलीच्या हातात ठेवू नका, ते टोमण्यासारखं लागतं. ती वाचतेय ते स्वतः वाचा. नायिका बारीक झाल्यावरच तिचं सगळं छान होतं, अशी गोष्ट असेल तर बंदी घालू नका, तिच्याशी त्यावर बोला. तब्येतीची शंका असेल तर ती डॉक्टरांकडे न्या, जेवणाच्या ताटावर नको. आणि मुलगी डबे तसेच परत आणत असेल, जेवल्यावर उलट्या काढत असेल, पाळी बंद झाली असेल, तर पुस्तकांच्या गप्पांवर थांबू नका. लगेच डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठा. कुठे जायचं ते कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.