एफडी मोडून जॅकेटं शिवावीत का?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय: घरी मशीन आहे, ब्लाउज आणि फॉल-पिको करते. यंदा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मुलांची फ्लीसची जॅकेटं, कुंच्या आणि वाणाचे बटवे शिवून विकायचेत. मोटारीचं मशीन ३२ हजार, कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन १४ आणि सुरतेहून कापड ६४. दीड लाखाची एफडी मोडू का?

ताई, एफडी मोडू नका. शिवणकाम मात्र जरूर करा.

तुमचाच हिशोब घेतो. जॅकेट ३५० ला, कापड १९०, म्हणून नफा १६०. चेन, अस्तर, इलॅस्टिक, दोरा कुठे गेले? त्याचे ४५ धरा, उरतात ११५. एका नगाला अडीच तास लागतात म्हणता, म्हणजे तासाला ४६ रुपये पडले. बटवा २५ ला जातो, कापड-नाडी ९, सुटतात १६. तासाला आठ झाले तरी १२८! आणि बटवे तुमच्या पत्रात अगदी शेवटी आलेत.

शिवाय जॅकेटाला माप असतं. चार वर्षांचं संपतं, आठ वर्षांचं पडून राहतं. रस्त्याकडेला लुधियानाचा माल घेऊन बसणाऱ्यांशी भावात तुम्ही पुरणार नाही. आपल्याकडे थंडी कडाक्याची पडते, पण फेब्रुवारी सरेपर्यंत ऊन तापायला लागतं. उरलेला माल मग पुढच्या दिवाळीपर्यंत पेटीत. कुंच्या कोणी सांगितल्या तरच शिवा.

बटव्याला माप नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि वाण डझनावारी लागतं. नोव्हेंबरातच चार नमुने घेऊन भिशीत, महिला मंडळात जा. निम्मे पैसे आगाऊ घ्या. गल्लीत ‘पैसा मंग देसू’ म्हणणाऱ्याच जास्त भेटतात.

म्हणून यंदा फक्त ओव्हरलॉक घ्या. सुरतेचा गठ्ठा नको. तापी लाइनच्या रेल्वेने एकदा सुरतेला जाऊन पाच हजारांचे कटपीस आणा. एकूण १९ हजार. तेवढ्यासाठी एफडीवर कर्ज काढा. व्याज बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, पण ठेव चालू राहते. मोडली तर बहुतेक बँका दर कापून देतात.

पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि प्रशिक्षणानंतर ५ टक्क्यांनी पहिलं १ लाखापर्यंत कर्ज मिळतं. कुटुंबात एकालाच लाभ, आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. अर्ज आत्ताच करून ठेवा, पण हे पैसे या संक्रांतीला हातात येतील असं धरू नका. मोठ्या मशीनचा विचार तेव्हा करू.